अमेरिकन पेल एल: हेझीच्या गर्दीत मागे पडलेली बिअर

सॅक्रामेंटोकर

मंडळी, इथे सिंगल माल्टवर धागे आहेत, वाइनवर आहेत, फेणीवर तर दर उन्हाळ्यात एक निघतोच. बिअरचा विषय निघाला की मात्र 'थंडगार असली की झालं' इथे गाडी अडते. म्हणून हा धागा. तोही सरसकट बिअरवर नाही, फक्त अमेरिकन पेल एल या एका प्रकारावर. (मथळ्यातली हेझी म्हणजे हल्लीची गढूळ, फळांच्या वासाची बिअर.)

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. एखादी अमेरिकन क्राफ्ट ब्रुअरी कशी आहे हे बघायचं असेल तर तिची पेल एल प्यावी, आयपीए (इंडिया पेल एल, तिची जास्त कडक बहीण) नंतर. आयपीएत हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांचा) एवढा मारा असतो की खालची गडबड झाकून जाते. पेल एलला लपायला जागा नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) कमअस्सल असला, आंबवताना घाई झाली असली किंवा कॅन दुकानाच्या मांडणीवर महिनोन् महिने पडून असला, तर दोन घोटांत कळतं.

थोडा इतिहास, कारण ही चव आली कुठून ते त्यातच आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत ब्रुअऱ्या शंभराच्याही आत उरल्या होत्या आणि बहुतेकांचा माल एकाच साच्यातला: फिकट, पातळ, बोटं बधिर होतील इतका थंड. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिट्झ मेटॅगनं बुडायला आलेली अँकर ब्रुअरी १९६५ साली घेतली होती. त्यानं एप्रिल १९७५ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हियरच्या घोडदौडीला दोनशे वर्षं झाली त्या निमित्तानं, लिबर्टी एल काढली आणि तिच्यात कॅस्केड नावाचा नवा हॉप सढळ हातानं घातला. पुढच्या वर्षी सोनोमात जॅक मॅकऑलिफची न्यू अल्बियन सुरू झाली. हा गडी नौदलात असताना स्कॉटलंडला होता, तिथल्या एलची चटक घेऊन परतला. मिळेल ते जुनं सामान जमवून त्यानं ब्रुअरी उभी केली. १९८२ ला ती बंद पडली, पण तोवर ती बघायला येऊन गेलेल्यांच्या डोक्यात किडा शिरला होता. त्यातलाच एक केन ग्रॉसमन, आमच्या इथून दीड तासावरच्या चिकोमध्ये घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवणारा. त्यानं आणि पॉल कामुसीनं दुग्धशाळांची टाकाऊ भांडी आणून सिएरा नेवाडा उभारली. नोव्हेंबर १९८० मध्ये पहिली बिअर शिजली. पेल एलच्या सुरुवातीच्या कितीतरी खेपा मनासारख्या उतरल्या नाहीत म्हणून सरळ ओतून दिल्या. पैशांची ओढाताण असताना हे करायला छाती लागते.

कॅस्केडबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण नायक तोच आहे. ओरेगॉनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या सरकारी संशोधनातून तो निघाला. इंग्लंडचा फगल आणि रशियाचा सेरेब्रियांका हे त्याचे पूर्वज. रोप १९५६ चं, शेतकऱ्यांच्या हाती पडला १९७२ मध्ये. युरोपातले नामांकित हॉप्स वासाला सौम्य: गवत, फुलं, जराशी मिरी. यातून मात्र थेट ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास. अमेरिकन हॉप्स इंग्रजांना पूर्वापार रांगडे वाटत आलेले, आणि नेमका तोच रांगडेपणा या लोकांनी बिअरमध्ये पुढे आणला. नाव आणि साचा इंग्लंडच्या पेल एलचा, अंगात वारं पॅसिफिक किनाऱ्याचं.

आकडे आवडणाऱ्यांसाठी: या प्रकारात अल्कोहोल साधारण ४.५ ते ६.२ टक्के आणि कडवटपणा ३० ते ५० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). सिएरा नेवाडा पेल एल ५.६ टक्के आणि ३८ आयबीयू.

आता प्यायची कशी. बाटलीला तोंड लावू नका, वासाचं सगळं भांडवल वाया जातं. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा. सात ते दहा अंश सेल्सिअस पुरे. फ्रीझरमध्ये ठेवलेला ग्लास अजिबात नको, वास गोठतो. ग्लास तिरपा धरून अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. वर दोन बोटं फेस यायला हवा. सिएरा नेवाडाच्या बाटलीत तळाला यीस्टचा पुसट थर असतो, कारण ती बाटलीतच पुन्हा थोडी आंबते. तो घ्यायचा की बाटलीत ठेवायचा ही आपली मर्जी. मी ठेवतो.

फेस असतानाच नाक घाला. आधी साल सोललेल्या फळाचा वास, मग मागून चीडाच्या चिकाचा, आणि त्याच्याही खाली पावाच्या भाजलेल्या कडेचा. ही खालची पायरी बरेच जण चुकवतात. मग घोट. जिभेवर आधी माल्टचा गोडवा येतो, मध्ये हॉप्सची चव, आणि गिळल्यावर कडवटपणा. चांगल्या पेल एलमध्ये हा कडवटपणा येतो, बसतो आणि उठून जातो. वाईट असेल तर ॲस्पिरिनची गोळी चघळल्यासारखा घशाला धरून राहतो.

मग ग्लास खाली ठेवा आणि गप्पा मारा. अर्ध्यावर आल्यावर पुन्हा वास घ्या. बिअर जराशी कोमट झालेली असते, आणि जे काही बरंवाईट असेल ते तेव्हाच बाहेर येतं.

तुमचे अनुभव, आवडत्या पेल एल, शिव्या, सगळं येऊ द्या.

बदलापूरचे_बुवा

वाखूसा (वाचनखूण साठवली). लेख झकास.

पण मूळ शंका राहिलीच. लहानपणी काढे पुष्कळ प्यालो, तेव्हा आई वर साखर द्यायची. आता स्वतःचे पैसे घालून कडू का प्यायचं? ह. घ्या. (हलके घ्या.)

निषेध_नोंदवतो

पुन्हा दारूचा धागा. या संस्थळावर ताकाच्या प्रकारांवर कुणी लिहील का?

बदलापूरचे_बुवा

निषेधराव, तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. आमच्याकडे ताकाला हिंगाची फोडणी की जिऱ्याची यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत.

सॅक्रामेंटोकर

बुवा, नुसत्या कडूसाठी कुणी पीत नाही. कारल्याच्या भाजीत गूळ असतो म्हणून कारलं खपतं, तसंच इथे माल्ट आहे. टू-रो बार्लीच्या फिकट माल्टवर थोडासा क्रिस्टल माल्ट घालतात, त्यानं किंचित कॅरॅमलची झाक येते आणि हॉप्सला टेकायला भिंत मिळते. आयबीयूचा आकडा म्हणूनच एकटा वाचू नये. तळाला माल्ट भक्कम असेल तर चाळीस आयबीयू गोड वाटतात, कोरड्या बिअरमध्ये तेच चाळीस बोचतात.

पाणीही बघावं लागतं. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर कडवटपणाला धार येते, क्लोराइड जास्त असेल तर बिअर गोलसर, मऊ लागते. इंग्लंडच्या बर्टनची पेल एल गाजली ती तिथल्या जिप्समच्या पाण्यावर. आजचे ब्रुअर पाणी कुठलंही घेतात आणि क्षार मोजून घालतात.

अणुरेणू

धागा आवडला. मी सिएटलला खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत आहे, चव-वास हाच धंदा, त्यामुळे 'वाईट' या बाजूनं थोडी भर घालते. चांगलं ओळखायचा सोपा रस्ता वाईट ओळखण्यातून जातो.

उकडलेल्या मक्याचा वास आला तर डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे उकळताना ते पुरेसं उडून गेलं नाही. लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर डायअसिटिल. यीस्ट ते शेवटी स्वतःच खाऊन टाकतं, पण त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळीच काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर आत हवा शिरली आणि माल जुना झाला. पेल एलमध्ये तर पुठ्ठ्याच्याही आधी एक टप्पा येतो: फळाचा वास विरतो आणि मधासारखा जड गोडवा उरतो. हा गोडवा पुष्कळांना आवडतो! पण ब्रुअरनं ती बिअर तशी केलेली नसते.

आणि उन्हात राहिलेली बाटली. हॉप्समधले कडू घटक आणि रायबोफ्लेविन (एक ब जीवनसत्त्व) यांच्यावर उजेड पडला की जो वास तयार होतो त्याला इथे 'स्कंकी' म्हणतात. स्कंक कधी हुंगला नसेल तर जळका रबर आठवा. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी फारसा नाही, पांढरी काहीच नाही. अंगणातल्या पार्टीत ग्लास उन्हात ठेवलात तरी काही मिनिटांत फरक कळतो.

म्हणून माझा नियम: ब्रुअरीचं नाव मागाहून, तारीख आधी. कॅनच्या बुडाला किंवा बाटलीच्या मानेवर छापलेली असते. काही जण भरल्याची तारीख देतात, काही नुसती 'या तारखेआधी प्या' अशी. मला पहिली पद्धत प्रामाणिक वाटते. भरल्यापासून दोन महिन्यांच्या आतली आणि दुकानात फ्रिजमध्ये ठेवलेली मिळाली तर घ्यायची. धूळ बसलेल्या सहाच्या खोक्यावर सवलतीचा कागद चिकटवलेला दिसला की मी पुढे जाते.

नाशिकचा_द्राक्षवाला

मी वाइनच्या बाजूचा माणूस. दोन प्रश्न.

१) आमच्यात चव घेऊन थुंकतात. बिअरमध्ये?
२) ग्लास कुठला? आमच्याकडे प्रत्येक द्राक्षाला वेगळा ग्लास विकणारे लोक आहेत.

आणि एक टोमणा: वाइन ठेवून पिकते, तुमची बिअर ठेवली की मरते. मग एवढं कौतुक कशाला?

सॅक्रामेंटोकर

१) बिअरचे परीक्षक साधारणपणे गिळतात. कडवटपणा कसा उतरतो आणि मागे काय ठेवून जातो, हाच अर्धा निकाल असतो. म्हणून घोट लहान आणि मध्ये साधं पाणी.

२) अमेरिकेतल्या बारमध्ये सरळसोट 'शेकर पाइंट' मिळतो, ४७३ मिलीचा. तो मुळात कॉकटेल हलवायचा ग्लास. एकावर एक रचता येतो आणि फुटत नाही म्हणून बारवाल्यांचा लाडका, वासासाठी निरुपयोगी. ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी जरा आवळलेला ग्लास बरा. तुमचा रेड वाइनचा ग्लास मस्त चालेल, खरंच. फक्त तो स्वच्छ हवा. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तेलकटपणाचा पुसटसा थर असला तरी फेस मरतो. ओला ग्लास उपडा करून बघा: पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं तर स्वच्छ, थेंब-थेंब अडकले तर पुन्हा धुवा. अशा ग्लासात प्रत्येक घोटाबरोबर फेसाची एक जाळीदार कडी काचेवर राहते. पिऊन झाल्यावर त्या कड्या मोजता येतात.

टोमण्याचं उत्तर: हापूस तरी कुठे टिकतो!

बॉस्टनचा_बाळ्या

लेख चांगला आहे पण दादा, तुम्ही १९८० मध्येच राहिलात. तुमच्या बिअरला मान देऊनही सांगतो, आमच्या पिढीची पेल एल गढूळ आहे आणि ती त्याच ताकदीची आहे. बॉस्टनला ट्रिलियम ब्रुअरीची फोर्ट पॉइंट प्या, मग बोला. कडवटपणा बेताचा, अंग मऊ, आणि वासात संत्रं, आंबा, पीच. ओट्स किंवा गहू घातल्यानं ती मखमल येते. हॉप्स उकळताना फार थोडे, आंबवताना आणि नंतर भरपूर.

'हेझी म्हणजे खोटी पेल एल' असं म्हणणाऱ्यांना सांगा की ब्रुअर्स असोसिएशननंच (अमेरिकन ब्रुअऱ्यांची संघटना) २०१८ पासून 'ज्यूसी किंवा हेझी पेल एल' असा वेगळा प्रकार मान्य केला आहे.

सॅक्रामेंटोकर

बाळ्या, वेगळा प्रकार मान्य केला म्हणजेच ती वेगळी आहे हेही मान्य केलं. मी तिला खोटी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच की हेझी प्यायल्यावर मला हॉप्स आठवतात, बार्ली आठवत नाही. फळाचा रस म्हणून उत्तम. पण तिसऱ्या घोटाला जे कळलं त्यापेक्षा ग्लास संपताना जास्त काही कळत नाही.

बॉस्टनचा_बाळ्या

हे तुमच्या जिभेचं वय झालं. ह. घ्या.

गंभीरपणे: हेझी चांगली करणं जास्त अवघड आहे. एवढे हॉप्स घातल्यावर बिअरला जराशी हवा लागली तरी ती करडी-जांभळी पडते आणि चव सपाट होते. तुम्ही म्हणता लपायला जागा पेल एलला नाही. हेझीला तर दारसुद्धा नाही.

अणुरेणू

बाळ्याचा हा मुद्दा बरोबर आहे. हवेपुढे हेझी फारच हळवी. पण सॅक्रामेंटोकरांचा मुद्दा हवेचा नाही, आंबवणीच्या दोषांचा आहे, आणि तिथे हॉप्सचा ढग खरंच बरंच झाकतो. तुम्ही दोघं दोन वेगळ्या दोषांबद्दल भांडताय.

बदलापूरचे_बुवा

अणुरेणूताई, भांडण मिटवू नका हो. धाग्याची शंभरी गाठायची आहे.

कोथरूडची_कैरी

आमच्यासारख्या देशातल्यांनी काय करायचं? पुण्यात २००९ ला डूलाली हे बिअर तिथेच बनवणारं ठिकाण सुरू झालं तेव्हापासून ताजी बिअर मिळते आहे आणि आता पर्यायही पुष्कळ आहेत, पण पेल एल यादीत असली तरी लोक मागवतात गव्हाचीच, बेल्जियन विट नाहीतर हेफेवायझन. माझ्या ऑफिसच्या टोळक्यात मी एकटी कडू पिणारी. एका ठिकाणी (नाव राहू दे) पेल एल मागवली तर गोड सरबत आलं. विचारलं तर म्हणाले, मॅडम, कडू केली की परत येते.

अमेरिकन बाटल्या इथे मिळाल्या तरी समुद्रावरून येऊन गोदामात तापलेल्या. अणुरेणूताईंचा तारखेचा नियम लावला तर एकही विकत घेता येणार नाही.

अणुरेणू

कैरी, मग घेऊ नकोस. इतक्या लांबून आलेली प्रसिद्ध बाटली पिण्यापेक्षा पुण्यातल्या टाकीतून आलेली साधी पेल एल केव्हाही चांगली. फक्त बारमध्ये विचार: पिंप कधी लागलं? हॉप्स कुठले? उत्तर देता आलं तर तिथे काळजी घेतात असं समज. हॉप्स बहुतेक परदेशीच असणार. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये हॉप्स पिकतात, पण कॅस्केड, सिट्रा या जाती म्हणजे बहुतेक अमेरिकेतून आलेल्या, हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या. हवाबंद, थंड ठेवल्या तर वास टिकतो.

अवांतर: हॉप्स कधी पाहिले नसतील तर वर्णन करते. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात देशातल्या हॉप्सपैकी साधारण तीन चतुर्थांश पिकतात. ऑगस्ट संपता संपता तोडणी सुरू होते. अठरा फूट उंच तारांवर वेल चढवलेले, त्यांचे अख्खे दोर कापून ट्रकमध्ये घालतात आणि शेडमध्ये यंत्रावर उलटे टांगून बोंडं वेगळी करतात. बोंड हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. ते मधोमध उभं फाडायचं. पाकळ्यांच्या मुळाशी बारीक पिवळे दाणे दिसतात, ते ल्युप्युलिन. कडूपणाही त्यातला आणि वासही. दोन्ही तळहातांत बोंडं चुरडून, हात तोंडाजवळ नेऊन हुंगायचं. खरेदीला आलेले ब्रुअर असंच करतात, एकाच जातीच्या वेगवेगळ्या शेतांतल्या ढिगांवर. पहिल्यांदा गवत येतं, मग घासून हात गरम झाले की फळ. हात चिकट होतात आणि साबणानं लवकर सुटत नाहीत. तिथून आल्यावर गाडीचं स्टिअरिंगसुद्धा दोन दिवस घमघमत होतं.

ताज्या बोंडात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. भट्टीत वाळवून ते दहा टक्क्यांपर्यंत आणतात, नाहीतर ढीग सडतो. न वाळवता थेट कढईत घालून केलेली 'वेट हॉप' बिअर फक्त तोडणीच्या दिवसांतच होते. सिएरा नेवाडानं १९९६ मध्ये तशी हार्वेस्ट एल काढली.

नाशिकचा_द्राक्षवाला

हे वाचून जीव रमला. आमच्याकडे द्राक्षतोडणीला असंच वातावरण असतं. एकाच जातीच्या वेगवेगळ्या शेतांतला फरक बिअरमध्ये कळतो का?

अणुरेणू

कळतो, विशेषतः तोडणी कधी झाली त्यावरून. सिमको, मोझॅक या जाती उशिरा तोडल्या तर फळ सोडून कांद्या-लसणाकडे झुकतात. समिट नावाचा हॉप तर त्याबाबत बदनामच आहे. आणि सिमको-सिट्रामध्ये गंधकाचं एक संयुग असतं, ते अल्प प्रमाणात काळ्या करंटसारखं छान लागतं आणि जरा वाढलं की मांजरानं कोपऱ्यात कार्यक्रम उरकल्यासारखं.

बदलापूरचे_बुवा

कांदा-लसूणवाली चातुर्मासात वर्ज्य आणि मांजरवाली बारमाही वर्ज्य. नोंद घेतली.

डेन्व्हरची_दुर्गा

कॅनबद्दल कुणीच बोललं नाही! आमच्या कोलोरॅडोतल्या लायन्समध्ये ऑस्कर ब्लूज ब्रुअरीनं २००२ साली डेल्स पेल एल हातानं कॅनमध्ये भरायला सुरुवात केली, तेव्हा कॅन म्हणजे स्वस्त बिअर अशीच लोकांची समजूत होती. उजेड शून्य, हवेला वाव कमी, आणि डोंगरावर पाठीवरून नेता येतं. आज क्राफ्टवाले कॅनशिवाय बोलत नाहीत. डेल्स ६.५ टक्के आणि ६५ आयबीयू, म्हणजे वरच्या चौकटीत मुळीच बसत नाही. नाव पेल एल, अंग आयपीएचं. नावावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे जेवण. कडू बिअर आणि तिखट जेवण एकमेकांना चढवतात. हॉप्सचा कडवटपणा, अल्कोहोल आणि बुडबुडे, तिन्हींमुळे तिखटाचा जाळ वाढतो. आमच्याकडे एका पाहुण्यांनी तांबड्या रश्श्याबरोबर डेल्स घेतली आणि नंतर दह्याचं भांडं घेऊन बसले. रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ यांच्याबरोबर नको. तळलेल्या खारट-कुरकुरीत गोष्टींबरोबर सुरेख जाते: रवा लावलेले बोंबील, साबुदाणा वडा, अळूवडी. तेल कापलं जातं. धणे भरड कुटून लावलेली ग्रिलवरची कोंबडी करून बघा. धण्यांत जे लिनालूल हे सुगंधी द्रव्य असतं ते हॉप्समध्येही असतं, दोघांची लगेच ओळख पटते. अमेरिकन पद्धतीचं चेडर आणि बर्गर तर आहेच.

कोथरूडची_कैरी

अळूवडीचं पटलं. पण चिंच-गुळाची गोडसर असेल तर?

डेन्व्हरची_दुर्गा

मग आणखी छान. गूळ माल्टच्या बाजूनं उभा राहतो.

गोरेगावचा_गण्या

हे सगळं घरी बनवता येईल का? यूट्यूबवर तर बादलीत करताना दाखवतात.

सॅक्रामेंटोकर

अमेरिकेत येईल. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअर पुन्हा कायदेशीर झाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००. विकायची नाही. राज्यांनी आपापल्या वेळेनं मान्यता दिली. मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ पर्यंत अडून बसले होते. आजच्या नऊ हजारांवर ब्रुअऱ्यांपैकी पुष्कळांची सुरुवात कुणाच्या तरी गॅरेजात झाली.

गोरेगावात मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, बादली कितीही लहान असली तरी.

निषेध_नोंदवतो

कायद्याचा तरी उल्लेख झाला, धन्यवाद. (ताकाचा धागा काढला आहे.)

शिवाजीपार्कचा_शेरलॉक

अँकरचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. जपानी कंपनीनं घेतल्यावर २०२३ मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये चोबानी दह्याचे मालक हम्दी उलुकाया यांनी विकत घेतली. सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या लिबर्टीची चव माहीत असलेले लोक हळहळतात. मला त्यांचं दुःख समजतं, पण शेवटच्या काही वर्षांत तीच मंडळी हेझीच्या रांगेत उभी होती हेही खरं. जी बिअर आपण विकत घेत नाही तिच्याबद्दल हळहळणं स्वस्त असतं.

सॅक्रामेंटोकर

कडू आहे पण खरं आहे. ओरेगॉनमधल्या बेंडच्या डेशूट्सची मिरर पाँड पेल एल, १९८८ पासूनची, कॅस्केडवरच उभी, पाच टक्के. माझ्या इथल्या दुकानात आधी ती डोळ्यांच्या उंचीवर असायची, आता वाकून शोधावी लागते. सहा हेझींच्या खाली. मी वाकतो.

सातारकर_आबा

नमस्कार. सगळा धागा वाचला, मजा आली. निवृत्त आहे, पुढच्या महिन्यात मुलाकडे शिकागोला येतोय. मुलगा बिअर पीत नाही, सून पिते. तिच्याबरोबर बसायचं तर काय मागावं? रक्तदाबामुळे डॉक्टरांनी एकच परवानगी दिली आहे, तेव्हा ती वाया जाऊ नये.

बॉस्टनचा_बाळ्या

आबा, सूनबाईंना हेझी आवडत असेल असं लिहून देतो.

डेन्व्हरची_दुर्गा

बाळ्या, गप.

आबा, शिकागोला असाल तर हाफ एकरची डेझी कटर. शहरातलीच ब्रुअरी, पेल एल, ५.२ टक्के, वासाला भरघोस, अंगानं हलकी. एकच घ्यायची असेल तर हीच. शेजारच्या इंडियानातल्या मन्स्टरमध्ये थ्री फ्लॉइड्स आहे, त्यांची अल्फा किंग नाव काढलेली, पण ती साडेसहाच्या वर जाते, तुमच्या डॉक्टरांना चालणार नाही. गेलात तर अर्धी सूनबाईंना द्या.

अणुरेणू

आणि आबा, दुकानात गेलात तर फ्रिजमधलीच उचला, कॅन उलटा करून बुडाची तारीख वाचा. चष्मा बरोबर ठेवा, अक्षर फार बारीक छापतात.

सातारकर_आबा

चष्मा आहे. सूनबाईंना आत्ताच फोन केला. डेझी कटर तिला माहीत आहे, म्हणाली आणून ठेवते. मी सांगितलं, आणून ठेवू नकोस, मी आल्यावर आण.